सायकलीची वाट कोणासाठी?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

ताडोब्याच्या परिसरात सायकलीचे मार्ग आखावेत, बाहेरगावचे पर्यटक यावेत आणि आपल्या भागाला चार पैसे मिळावेत, असे आपल्यातील पुष्कळजण बोलून दाखवितात. कल्पना वाईट नाही. पण सायकलीचा मार्ग म्हणजे पाहुण्यांची सोय, असे जे आपण गृहीत धरतो त्याला माझा विरोध आहे. सिंदेवाही तालुक्यात सायकलस्वार बाहेरून आणावे लागत नाहीत. ते रोज सकाळी नवरगाव, गुंजेवाही, वासेरा, शिवणी या वाटांवर आहेतच. आधी त्यांचा रस्ता नीट करा, मग पाहुण्यांना बोलवा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

जगात सायकलीच्या वाटांसाठी जे प्रदेश नावाजलेले आहेत त्यांत युरोपातील आल्प्स पर्वताच्या दऱ्यांचा क्रमांक फार वरचा लागतो. फ्रान्समधील आल्प द्युएझ हा घाट सुमारे 13.8 किलोमीटर लांबीचा असून त्याला 21 वळणे आहेत व प्रत्येक वळणाला क्रमांक दिलेला आहे. 1903 साली सुरू झालेली ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत 1952 मध्ये प्रथम या घाटावर गेली. तिथल्या कितीतरी घाटांत दर किलोमीटरला पाटी असते. माथा किती दूर आहे आणि पुढचा चढ किती तीव्र आहे, हे तिच्यावर लिहिलेले असते. या साध्या पाटीचे मला फार कौतुक वाटते. सायकलवर बसलेल्या माणसाचाही रस्त्यावर हक्क आहे, त्यालाही काही माहिती हवी असते, हे तिथल्या रस्ता बांधणाऱ्याच्या ध्यानात राहिले आहे, असा तिचा अर्थ आहे.

आपल्याकडे कर्तबगारीची उणीव आहे असे नाही. आपल्याच विदर्भातील नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या आत एकट्याने पुरी केली आणि 2018 मध्ये रशियातील नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची शर्यतही पूर्ण केली. अशा पराक्रमांचा आपण अभिमान बाळगतो, तो योग्यच आहे. परंतु पुढे दप्तर आणि मागे धाकटी बहीण घेऊन शाळा गाठणाऱ्या मुलीला आपण सायकलस्वार म्हणत नाही. तिच्या सायकलला आपण गरिबी म्हणतो. इथेच आपले चुकते.

आपली जमीन आल्प्ससारखी चढणीची नाही. नागभीडकडे सातबहिणीचे डोंगर सोडले तर बहुतेक वाटा धानाच्या बांध्यांतून, बोड्या व मामा तलावांच्या काठांनी आणि रानातून सपाट जातात. सायकलीला याहून सोयीची भूमी कोणती असणार? चढ नाही, पण अडचणी आहेत. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. पावसाळ्यात साइडपट्टीचा मुरूम वाहून जातो आणि डांबराची कड हातभर उंच राहते. समोरून ट्रक आला की सायकलवाल्याने खाली उतरावयाचे, हा अलिखित नियम आहे. खाली उतरावे तर चाक घसरते आणि न उतरावे तर जीव जातो.

आणि मग रान. शिवणीकडचा भाग ताडोब्याच्या बफर क्षेत्रात मोडतो. मे 2025 मध्ये आपल्याच तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. अशी बातमी आली की गावोगाव पहिला निर्णय होतो तो मुलींच्या सायकलींचा. मोहफुले वेचणे थांबत नाही, कारण ते पोटाचे आहे. रोवणा थांबत नाही. थांबते ते मुलीचे शिक्षण, कारण त्यावाचून घराचे काही अडत नाही अशी समजूत आहे. घरात पदवीच्या वर्गात बसणारी मी पहिलीच. माझ्या शिक्षणाचा हिशेब घरचे लोक फीमध्ये करीत नाहीत, मी अंधार पडायच्या आत घरी पोहोचते की नाही यात करतात. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. त्यांची भीती खरी आहे.

वाघ नकोत असे मी म्हणणार नाही. हे रान त्यांचेही आहे आणि त्यांच्या नावावर इथे रोजगारही आला आहे. पण पर्यटकाला वाघ दाखविण्यासाठी गाडी, वाटाड्या आणि वेळापत्रक यांची जी व्यवस्था आपण काटेकोरपणे करतो, तिच्या दहावा हिस्सा काळजी त्याच रानाच्या कडेने शाळेला जाणाऱ्या पोरींसाठी का होऊ नये? वाघ पहाटे आणि सांजवेळी अधिक फिरतो, हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. मग हिवाळ्यात पहिला तास उजाडण्याच्या सुमारास आणि शेवटचा तास दिवेलागणीला कशासाठी?

शासनाने काहीच केले नाही असे नव्हे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. सायकलीने काय घडते याचा दाखला बिहारने दिला आहे. तिथे 2006 साली नववीच्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी 32 टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलामुलींमधील तफावत 40 टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. अक्षरओळख आणि सायकल या दोन गोष्टी तिथे बरोबरीने चालल्या. तेव्हा सायकल ही किरकोळ बाब नव्हे. पण आपल्याकडे सायकल दिली आणि तिच्यासाठी रस्ता द्यावयाचा राहून गेला.

यावर कोणी म्हणेल, आता घरोघर मोटारसायकल आली, सायकलीचे दिवस सरले. मोटारसायकल घरात एक असते आणि ती बाप किंवा भाऊ घेऊन जातो. मुलीच्या वाट्याला येते ती सायकलच. दुसरा म्हणेल, एस. टी. आहे, 2023 पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. सवलत चांगली आहे, पण ती गाडी आली तरच उपयोगी. जिथे दिवसातून दोनच फेऱ्या आहेत तिथे एक चुकली की दिवस गेला. तिसरा म्हणेल, पैसा कोठून आणावयाचा? रस्ता रुंद करताना साइडपट्टी दाबून पक्की करणे, वळणावरची झुडपे दरवर्षी दिवाळीपूर्वी छाटणे, किलोमीटरच्या व रानाच्या सूचनेच्या पाट्या लावणे, या कामांना आल्प्सचा खजिना लागत नाही.

काही कामे तर आपल्याच हातची आहेत. महाविद्यालयात सायकलींसाठी छप्पर, एक हवेचा पंप आणि पंक्चरचे सामान ठेवता येईल. हिवाळ्यात तासांची वेळ अर्धा-पाऊण तास पुढे सरकविता येईल. एका वाटेच्या मुलामुलींनी ठरवून एकत्र जाता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी श्रमदान करतो. या वर्षीचे श्रमदान वनविभागाची परवानगी घेऊन एखाद्या वळणावरची झुडपे छाटण्यासाठी करावे.

पण सर्वांत आधी मोजदाद व्हावी. एक आठवडाभर सिंदेवाहीत येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर आपण विद्यार्थ्यांनी वही घेऊन बसावे आणि किती सायकली आल्या, त्यांतल्या किती मुलींच्या, कोणत्या गावाच्या, हे लिहून काढावे. कागदावर आकडा नसला की मागणीला वजन नसते. तो आकडा घेऊन ग्रामसभेत, पंचायत समितीत आणि बांधकाम खात्यात जाता येईल. ज्या वाटेवरून आपल्या गावची मुलगी निर्धास्तपणे कॉलेजला येईल, त्या वाटेवरून पाहुणाही आनंदाने जाईल. पाहुण्यासाठी रंगविलेल्या वाटेवरून मात्र आपली मुलगी जाईलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून प्राध्यापकवर्गाला व विद्यार्थी बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, येत्या नोव्हेंबरात ही मोजदाद आपण करूया. गुंजेवाहीच्या रस्त्यावर बसावयास मी तयार आहे.