विंचवाचे बिऱ्हाड निवडताना

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण कौतुकाने वापरत नाही. ज्याचा संसार कुठे रुजला नाही, ज्याला आज इथे आणि उद्या तिथे जावे लागते, त्याच्याविषयी बोलताना ती तोंडात येते. ऊसतोडीला निघालेली कुटुंबे भांडीकुंडी, शेळ्या आणि लहान मुले घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. मेंढपाळ घोड्याच्या पाठीवर संसार लादून रानोमाळ हिंडतात. त्यांना कोणी हौशी प्रवासी म्हणत नाही. पण याच भाषेत वाढलेला माणूस न्यूझीलंडमध्ये येऊन स्थिरावतो, साठी ओलांडतो, घराचे हप्ते फिटतात, मुले आपापल्या वाटेने जातात, आणि मग त्याला बिऱ्हाड पाठीवर घ्यायची हौस येते. त्याला मोटरहोम घ्यायचे असते आणि वर्षभर गावोगाव, समुद्राकाठी, डोंगरात, विजेच्या तारेपासून आणि नळाच्या तोटीपासून दूर राहायचे असते.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. सहा-सात मीटर लांबीच्या गाडीत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणी आणि संडास. न्यूझीलंड हा देश या छंदाला फार सोयीचा. इथे मोटर कॅराव्हॅनवाल्यांची संघटना १९५६ पासून आहे. निसर्गसंवर्धन खात्याची दोनशेहून अधिक मुक्कामस्थळे आहेत. वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणजे भारतात गाडी शिकलेल्या हाताला नवे वळण लावावे लागत नाही. आम्ही दोघे गेली काही वर्षे असे फिरतो. त्यामुळे ऑकलंडच्या मराठी मंडळींपैकी कोणाच्या मनात हा विचार आला, की फोन मला येतो. प्रश्न ठरलेले असतात. गाडी केवढी घ्यावी? कोणत्या कंपनीची? टीव्ही मोठा बसेल का? मी उलट तीन प्रश्न विचारतो. पाणी किती दिवस पुरेल? संडासाची टाकी कोण रिकामी करणार? आणि वहिनी ही गाडी चालवतील का? यावर फोनच्या पलीकडे थोडा वेळ शांतता पसरते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की पहिले मोटरहोम निवडताना घर पाहू नये, हिशेब पाहावा. दुकानात उभी असलेली गाडी घरासारखी दिसते. मऊ गाद्या, मंद दिवे, चकचकीत ओटा. त्या ओट्यामागे किती लिटरची टाकी आहे, हे तिथे कोणी विचारत नाही. पण नळाच्या आणि तारेच्या पलीकडे राहायचे म्हणजे स्वतःची नगरपालिका स्वतः व्हायचे. पाणीपुरवठा, वीज, सांडपाणी, कचरा ही सगळी खाती आपल्याच पलंगाखाली आणि छपरावर येतात. ती नीट चालली तर स्वातंत्र्य, नाहीतर रोजची कटकट.

आधी पाण्याचे पाहू. न्यूझीलंडमध्ये ज्या वाहनाला 'स्वयंपूर्ण' म्हणून प्रमाणपत्र हवे, त्यात माणशी दिवसाला चार लिटर या हिशेबाने तीन दिवसांचे पाणी मावले पाहिजे आणि तेवढेच सांडपाणी साठवता आले पाहिजे. दोघांसाठी चोवीस लिटर, म्हणजे दोन मध्यम हंडे. हा कायद्याचा किमान आकडा झाला. प्रत्यक्षात स्वयंपाक, भांडी आणि बेताची आंघोळ धरली तर माणशी दहा लिटर तरी लागतातच. शंभर लिटरची टाकी दोघांना पाच दिवस पुरते. या बाबतीत आपली पिढी इतरांच्या पुढे आहे. पहाटे तासभर येणारे पाणी भरून ज्या घरांनी दिवस काढला, त्या घरातल्या माणसाला बादली-तांब्याची आंघोळ शिकवावी लागत नाही. शॉवरखाली उभे राहून गाणी म्हणणाऱ्याची टाकी मात्र दुसऱ्या दिवशी कोरडी पडते.

विजेचा हिशेब जरा किचकट वाटतो, पण तो गृहिणीच्या महिन्याच्या खर्चापेक्षा अवघड नाही. बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज दिवसाला साधारण तीस ते पन्नास अँपिअर-तास खातो. शंभर अँपिअर-तासांची जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, नाहीतर तिचे आयुष्य घटते. म्हणजे एकटा फ्रीजच तिला संपवतो. तेवढ्याच क्षमतेची लिथियम बॅटरी ऐंशी टक्क्यांहून अधिक वापरता येते आणि वजनाला निम्म्याहून हलकी असते. मात्र तापमान शून्याखाली गेले की ती चार्ज करू नये, आणि मॅकेन्झी खोऱ्यात हिवाळ्यात दहिवर गोठते. छपरावरचे शंभर वॅटचे सौर पॅनेल उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी तीसेक अँपिअर-तास देते. हिवाळ्यात त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर समाधान मानावे. मिलफर्ड साउंडसारख्या ठिकाणी, जिथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे तर सूर्यावर विसंबूच नये.

मिक्सरचे काय, हा प्रश्न मराठी घरात हमखास येतो. साडेसातशे वॅटचा मिक्सर दोन मिनिटे फिरवला तर बॅटरीतले जेमतेम दोन अँपिअर-तास जातात. खुशाल चटणी वाटावी. पण दोन हजार वॅटची विजेची किटली चहाला चार मिनिटे लावली, की बारा अँपिअर-तास गेले, आणि ती चालू असताना बॅटरीतून पावणेदोनशे अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचला जातो. चहा गॅसवर करावा. प्रेशर कुकर हे तर या प्रवासातले सर्वांत उपयुक्त यंत्र, कारण तो गॅस आणि पाणी दोन्ही वाचवतो. शेगडी दाराजवळ किंवा खिडकीखाली असेल अशीच गाडी पाहावी. नाहीतर फोडणीचा वास तीन दिवस अंथरुणाला येतो. गंमत बाजूला ठेवली, तरी बंद गाडीत गॅस जळताना हवा खेळती असणे आणि कार्बन मोनॉक्साइडची धोक्याची घंटा बसवलेली असणे हा जिवाचा प्रश्न आहे.

आता ज्या विषयावर दुकानदार बोलत नाही आणि घेणारा विचारत नाही, तो विषय. मोटरहोमच्या संडासाखाली एक काढता येणारी टाकी असते. तिला कॅसेट म्हणतात. तिच्यात वीसेक लिटर मावते आणि दोघांच्या वापराने ती दोन-तीन दिवसांत भरते. मग ती हाताने काढून ठरवून दिलेल्या ठिकाणीच रिकामी करायची. या देशात २०११ साली, रग्बी विश्वचषकाच्या तोंडावर, उघड्यावर मुक्काम करण्याविषयीचा कायदा झाला. पुढे २०२३ मध्ये तो कडक करून स्वयंपूर्ण वाहनात कायम बसवलेला संडास सक्तीचा केला. पलंगाखाली एक सुटा डबा ठेवून प्रमाणपत्र मिळवायचे आणि सकाळी झुडपाआड जायचे, या प्रकाराला गावोगावचे लोक कंटाळले होते. माओरी समाजात अन्नपाण्याच्या गोष्टी आणि मलमूत्राच्या गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवण्याची शिस्त कडक आहे. ज्या तळ्याकाठी आपण फुकट राहतो, ते कोणाच्या तरी श्रद्धेचे आणि जेवणाचे पाणी असते. तेव्हा पलंग पसरलेला असतानाही ज्याचे दार उघडता येते असा पक्का संडास असलेलीच गाडी घ्यावी. ती टाकी रिकामी करण्याचे काम घरातल्या कर्त्या पुरुषाने आनंदाने स्वीकारावे. आमच्याकडे ते खाते माझ्याकडे आहे.

इथेच मला एक गोष्ट जरा ठासून सांगायची आहे. घर लहान झाले की कामही लहान होते, हा समज बहुधा पुरुषांचा असतो. तीन पावलांच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटणे हे मोठ्या ओट्यावर लाटण्यापेक्षा अवघड असते. रोज रात्री टेबल मोडून पलंग करायचा आणि सकाळी पलंग मोडून टेबल, हे आठवडाभर मजेचे वाटते. वर्षभरात त्यावरून खटके उडतात. म्हणून दीर्घ प्रवासासाठी कायमचा पलंग हवा, आणि एकाला दुसऱ्याच्या अंगावरून न जाता उतरता येईल असा हवा. साठीनंतर रात्री एकदा तरी उठावे लागतेच. गाडी पाहायला जाल तेव्हा दोघांनी त्या पलंगावर प्रत्यक्ष आडवे होऊन पाहावे. एकाने शेगडीपाशी उभे राहावे, दुसऱ्याने न्हाणीत जाऊन यावे. विक्रेता हसला तर हसू द्यावा.

आणि गाडी दोघांनाही चालवता आली पाहिजे. साउथ आयलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर अजूनही लांबलांब पट्ट्यांत मोबाइलला रेंज नसते. हास्टहून ग्रेमाउथचे रुग्णालय तीनशे किलोमीटरवर आहे. अशा जागी एकमेव चालकाच्या छातीत कळ आली तर त्या आलिशान घराचा काय उपयोग? इथल्या साध्या पूर्ण परवान्यावर सहा हजार किलोपर्यंतचे वाहन चालवता येते. पण परवान्यात बसते ते हाताला पेलतेच असे नाही. माझ्या मते, जी गाडी बायकोने चालवून, वळवून, उलटी घेऊन पाहिलेली नाही ती घेऊच नये, मग ती कितीही स्वस्त मिळो.

यावर उत्तर येते, की निवृत्ती एकदाच येते, मग एकदाच मोठी गाडी का घेऊ नये? कारण मोठेपणाचे भाडे रोज भरावे लागते. वेलिंग्टन ते पिक्टन फेरीबोटीचे तिकीट गाडीच्या लांबीवर ठरते. साडेतीन हजार किलोंपेक्षा जड वाहनाला ताशी नव्वद किलोमीटरची मर्यादा आहे. आणि त्या साडेतीन हजारांच्या आत राहायचे तर सामानाला फार थोडी जागा उरते. गाडी रिकामी तीन हजार किलोंची असेल तर उरले पाचशे. त्यात दोन माणसे दीडशे किलोंची, पाणी शंभर किलो, गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या पस्तीसेक किलो, मग कपडे, भांडी, सायकली, आणि आईने सांगितले म्हणून बरोबर घेतलेले दहा किलो तांदूळ. सामान भरून गाडी एकदा वजनकाट्यावर नेली, की अनेकांची हौस ग्रॅममध्ये मोजली जाऊ लागते. समोरच्या चाकांवर जोर असलेल्या काही युरोपीय गाड्या ओल्या गवतावर जागच्या जागी चाके फिरवत बसतात, हेही मुक्कामाची जागा निवडताना लक्षात घ्यावे. पहिल्या खेपेला सहा-साडेसहा मीटरची गाडी दोघांना पुष्कळ झाली.

किमतीचे म्हणाल तर नवे युरोपीय मोटरहोम दीड लाख डॉलरच्या पुढेच जाते. एवढी रक्कम म्हणजे बहुतेकांची आयुष्याची शिल्लक. राहते घर विकून ती उभी करण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. गुडघा दुखावतो, नातवंड होते, मन भरते, आणि मग परत यायला दार लागते. वापरलेली गाडी घ्यावी. भाड्याच्या ताफ्यातून निवृत्त झालेल्या गाड्या इथे बऱ्याच मिळतात. त्या पुष्कळ पळालेल्या असतात, पण त्यांची देखभालीची वही पाहायला मागता येते. इंजिनाइतकीच छपराची तपासणी करावी. मोटरहोमचा खरा शत्रू ओल. कोपरे दाबून पाहावेत. भिंत मऊ लागली, कपाटात कुबट वास आला, तर किंमत उतरवून मागण्याऐवजी बाहेर पडावे. आणि विकत घेण्याआधी तशाच आराखड्याची गाडी दोन आठवडे भाड्याने घेऊन फिरावे, तेही भर हिवाळ्यात. उन्हाळ्यात सगळीच घरे चांगली वाटतात.

हे सगळे महाराष्ट्रातल्या वाचकाला दूरचे वाटेल. पण राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे, आणि कोकणच्या किनाऱ्यावर किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर चाकांवरच्या घरात राहावे असे इथल्या तरुणांनाही वाटू लागले आहे. वाटावे, त्यात गैर काही नाही. मात्र गाड्या येण्याआधी त्यांचे सांडपाणी आणि मैला रिकामा करण्याच्या जागा गावोगावी झाल्या पाहिजेत. तसे झाले नाही तर शहरातल्या माणसाची मोकळीक कोणाच्या तरी ओढ्यात आणि शेताच्या बांधावर उतरेल.

ऊसतोडीच्या फडावर राहणाऱ्या बाईला पाणी, सरपण आणि वजन यांचा हिशेब कोणी शिकवलेला नसतो. तिला तो चुकवणे परवडत नाही. आपल्याला तो चुकवता येतो, कारण आपल्या मागे घर असते, पैसा असतो आणि परतीची वाट असते. म्हणूनच बिऱ्हाड पाठीवर घेण्याची हौस ज्याला आली आहे, त्याने गाडीच्या दुकानात जाण्यापूर्वी एक महिना आपल्याच घरात मोजून पाणी वापरून पाहावे, एका खोलीत दोघांनी राहून पाहावे. महिन्याच्या शेवटी दोघेही हसत असतील तर खुशाल गाडी बघायला जावे. त्यानंतर कोणती घ्यायची, हे सांगायला माझी गरज पडणार नाही.