पोर हुशार, मग थांबवता कशाला?

शेवगाव तालुक्यात जूनच्या तोंडावर हा प्रश्न निघतोच. पोर अंगणवाडीतच पाटीवर नाव लिहिते, पण अंगाने लहान. पहिलीत घालावे की वर्षभर थांबावे? ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला महाराष्ट्रात पहिलीत प्रवेश आहे. म्हणजे डिसेंबरात जन्मलेले पोर साडेपाचाव्या वर्षी वर्गात बसते. मोठ्या पोरांत ते दबेल, ही आईची भीती खोटी नाही. पगारदाराने खुशाल थांबावे. बाबासाहेबांच्या घरात लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले सुभेदार रामजी होते. तसे शिकवणारे घर असेल तर वर्ष वाया जात नाही. ऊसतोड्याच्या झोपडीत कोण शिकवणार? दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो, पोरही फडावर जाते आणि थांबवलेले वर्ष वाढे गोळा करण्यात सरते. नियमात बसणारे पोर अशा घराने थांबवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जानेवारीत जन्मलेल्याचे वय मात्र वाढवून लिहू नये. गुरुजींनी ठोकलेल्या १ जूनने आपल्या कित्येकांच्या खऱ्या जन्मतारखा आधीच गिळल्या आहेत. त्याला गावातच, अंगणवाडीत ठेवावे. पहिलीतल्याला आजीजवळ ठेवावे. आजी नसेल तर हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीत दिवाळीआधी लेखी द्यावी. टोळी गेल्यावर गावात मागणारा कोण उरतो?