रोजच्या चार ओळी

भाषा मोठमोठ्या ग्रंथांमुळे टिकते, असा सर्वसाधारण समज आहे. ग्रंथ तिला प्रतिष्ठा देतात हे खरे. परंतु तिचा श्वास चालतो तो चिठ्ठ्या, निरोप आणि हिशेब यांवर. केवळ पंडितांची म्हणून आज ओळखली जाणारी लॅटिन भाषाही या नियमाला अपवाद नाही.

लंडन शहरात २०१० ते २०१४ या काळात एका मोठ्या इमारतीच्या जागेवर झालेल्या उत्खननात रोमन काळातील चारशेहून अधिक लाकडी पाट्या सापडल्या. अशा पाट्यांवर मेणाचा थर देत आणि धातूच्या टोकदार लेखणीने त्यावर अक्षरे कोरीत. मेण काळाच्या ओघात नाहीसे झाले. पण लाकडावर उमटलेले ओरखडे उरले व त्यांवरून मजकूर वाचता आला. एका पाटीवर इ. स. ५७ मधील ८ जानेवारी ही तिथी आहे. दास्यातून मुक्त झालेला टिबुलस नावाचा मनुष्य तशाच दुसऱ्या मुक्त मनुष्याला लिहून देतो, की विकलेल्या व पोहोचत्या केलेल्या मालाच्या किमतीपोटी आपण त्याचे १०५ डेनारियस देणे लागतो. संस्कृतातील ‘दीनार’ हा शब्द याच रोमन नाण्याच्या नावावरून आलेला आहे. कोणत्याही पेढीवर सहज ओळखला जाईल असा हा दस्तऐवज! त्यात अलंकार नाहीत, पांडित्य नाही. आहे ती देण्याची स्पष्ट कबुली.

इंग्लंडच्या उत्तरेस विंडोलँडा येथील लष्करी ठाण्यातही अशीच घरगुती लॅटिन सापडली. इ. स. १०० च्या सुमारास एका अधिकाऱ्याची पत्नी क्लॉडिया सेव्हेरा हिने आपल्या मैत्रिणीला वाढदिवसाचे निमंत्रण धाडले. मुख्य मजकूर लेखनिकाचा आहे. शेवटच्या जिव्हाळ्याच्या ओळी मात्र तिने स्वतःच्या हाताने लिहिल्या. स्त्रीच्या हातच्या, आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या लॅटिन लेखनात त्यांची गणना होते.

पुढे लॅटिन व्यवहारातून गेली आणि अध्ययनाचा विषय झाली. तेथूनच एक अडचण सुरू झाली, जी आजच्या विद्यार्थ्यालाही सुटलेली नाही. वर्षानुवर्षे विभक्तींचे तक्ते पाठ करूनही, आज दिवसभरात काय घडले हे एका वाक्यात लिहिण्याचे धाडस त्याला होत नाही. आड येते ती बुद्धीची उणीव नव्हे, तर चुकीची लाज.

या लाजेवरचा उपाय सोळाव्या शतकात रॉजर अ‍ॅस्कम या शिक्षकाने मांडला. इंग्लंडची पुढे राणी झालेली एलिझाबेथ ही त्याची शिष्या. त्याचा ग्रंथ त्याच्या निधनानंतर १५७० मध्ये प्रसिद्ध झाला. सिसेरोचे एखादे सोपे पत्र घ्यावे, ते आपल्या भाषेत उतरवावे, मूळ पुस्तक मिटवून काही वेळ जाऊ द्यावा आणि मग आपल्याच भाषांतरावरून ते पुन्हा लॅटिनमध्ये लिहावे, अशी त्याची पद्धत होती. शेवटी गुरु-शिष्यांनी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून ताडून पाहायचे. चुकेल तेथे रागावू नये, साधेल तेथे कौतुक करावे, यावर त्याचा विशेष भर होता.

पत्र हाच आरंभ का उत्तम, हे सहज लक्षात येते. जुन्या मराठी पत्रांत ‘सा. न. वि. वि.’ अशी आद्याक्षरे येत. रोमन लोकही ‘तू कुशल असशील तर उत्तम, मी कुशल आहे’ हे वाक्य इतके वारंवार लिहीत, की शब्दांऐवजी केवळ त्यांची आद्याक्षरे पुरत. रोजच्या वापराने झिजलेली अशी वाक्येच नवशिक्याचा पहिला आधार होतात.

विसाव्या शतकात हाच मार्ग रेजिनाल्ड फॉस्टर यांनी रोममध्ये अनुसरला. नळकाम करणाऱ्याच्या घरी अमेरिकेत जन्मलेले हे साधू व्हॅटिकनच्या लॅटिन कार्यालयात सुमारे चाळीस वर्षे होते. उन्हाळ्यातील त्यांचे वर्ग विनामूल्य असत. गृहपाठाला ते ‘घरचे खेळ’ अशा अर्थाचे लॅटिन नाव देत. खेळात हरणे लाजिरवाणे नसते, ही त्यातील सूचना मोलाची होती.

आज देशोदेशीचे लॅटिनप्रेमी दिवसाकाठी दोन-चार ओळी लिहितात आणि जाणकार त्या सुधारतात. कोणी पाऊस लिहितो, कोणी स्वयंपाक, कोणी बाजारहाट. ‘आज पाव विकत घेतला’ हे सांगताना नवखा ‘होदिए पानिस एमी’ असे लिहितो. पाव येथे कर्म आहे, म्हणून ‘पानेम’ हवे, असे कोणी दाखवून देतो. तक्त्यात शंभरदा वाचलेला प्रत्यय त्या एका चुकीने कायमचा लक्षात राहतो. मराठीत ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि त्यांच्या शब्दाचे मूळ याच लॅटिन शब्दात आहे, हेही मग कळते. परकी भाषा थोडी घरची वाटू लागते.

रोजमेळ एक दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट श्रम पडतात, आठवडा राहिला तर मेळ बसत नाही. भाषेचेही तसेच आहे. सवड मिळाल्यावर एकदम पानभर लिहिण्यापेक्षा निजण्यापूर्वी लिहिलेल्या चार ओळी अधिक फळतात.

हे केवळ लॅटिनपुरते नाही. परदेशी वाढणारा नातू आजीला मराठीत अशुद्ध चार ओळी पाठवतो, तेव्हा त्याने ती लाज ओलांडलेली असते. त्याचे ऱ्हस्व-दीर्घ मोजून हसणाऱ्या घरात पाचवी ओळ येत नाही. आधी पत्राचे उत्तर द्यावे, आनंद कळवावा आणि मग एखादीच चूक हळुवारपणे दाखवावी. अ‍ॅस्कमने राजकन्येच्या बाबतीत पाळलेला संयम आजीच्या घरीही तितकाच आवश्यक आहे.