स्लो लिव्हिंग म्हणे!

परवा भाचा आला होता, दोन मित्रांना घेऊन. मामाचं घर सोडून पवना धरणाच्या काठी कुठल्याशा रिसॉर्टवर उतरले होते. निघताना तासभर आमच्याकडे डोकावले. "मामा, एकदम स्लो लिव्हिंग आहे तिथे! बांबूचे ब्रश देतात, पाणी काचेच्या बाटलीत!" चहा झाला, गाडी गेली. मग पाहतो तर अंगणातल्या डब्यात एक फुगलेली पिशवी. वेफर्सची अकरा पाकिटं, पाण्याच्या सहा बाटल्या, चिक्कीचा रिकामा खोका. रिसॉर्टवर प्लास्टिक चालत नाही ना, म्हणून मामाकडे!

बांबूशी माझं वैर नाही. पण जुनी वस्तू पुन्हा वापरणं ही विकत घ्यायची गोष्ट कधीपासून झाली?

आजीची लुगडी विरली की त्यांची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की पायपुसणं. बरे कपडे बोहारणीकडे जायचे आणि अर्धा तास हुज्जत घालून एक पातेलं घरात यायचं. पेंढा गुरांना, शेणाच्या गोवऱ्या, गोवऱ्यांची राख भांड्यांना. जेवणाच्या पत्रावळी उकिरड्यावर, आणि उकिरडा पावसाआधी शेतात. 'कचरा टाकायला जातो' असं वाक्य घरात ऐकल्याचं आठवत नाही.

लगेच उसासे टाकू नका. आजीनं हे पर्यावरणासाठी केलं नाही, पैसे नव्हते म्हणून केलं. आणि केलं तिनंच. आजोबांना सुईत दोरा ओवताना मी पाहिलेलं नाही. (मी स्वतः पहिलं बटण चाळिशीत लावलं, तेही उलटं.) आपल्याला गोधडी हवी आहे, पण ती शिवणारे हात आणि तो वेळ नको आहे. मग त्या वेळेची किंमत कुणीतरी दुसऱ्यानं द्यायची. आमच्याकडे ती कोण देतं, ते सांगतो.

मावळात भाताच्या रोपांसाठी अजून काही ठिकाणी राब भाजतात. शेण, टहाळ, पालापाचोळा जमिनीवर पसरून पेटवायचा आणि त्या राखेच्या वाफ्यात बी टाकायचं. इंद्रायणी तांदूळ, ज्याचं तुम्ही पुण्यात इतकं कौतुक करता, तो इथल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला, १९८७ साली. आता रस्त्यालगतचा पाचोळा गोळा करायला गेलं की पाटीत पानांबरोबर पाकिटं येतात. बाई वाकून एकेक वेचते. राहिलं एखादं तर तेही राबात जळतं.

हे पाकीट म्हणजे प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. राज्यात प्लास्टिकबंदी आली मार्च २०१८ मध्ये. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत स्ट्रॉ आहे, कान कोरायची काडीसुद्धा आहे. वेफर्सचं पाकीट नाही.

भुशीला, लोहगडाच्या पायऱ्यांवर, टायगर पॉइंटला जे पडतं, ते पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला लागतं. इंद्रायणी उगम पावते कुरवंड्याला, लोणावळ्याच्या डोक्यावर. पुढे देहू, आळंदी. तिथे तीर्थ म्हणून ओंजळ भरणाऱ्यानं काय पाप केलंय?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अहो, पण आमच्यामुळे तुम्हाला रोजगार मिळतो." मिळतो की! कणसं विकणाऱ्या बाईचा शनिवार-रविवार तुमच्यावरच चालतो, मी नाकारत नाही. पण तिनं कणीस विकलंय, तुमच्या मागून उचलत फिरायचं कंत्राट घेतलेलं नाही. आणि जे भरलेलं असताना डिकीत मावलं, ते रिकामं झाल्यावर मावत नाही? चेपलेली बाटली तर हलकीही असते!

असो. आखाडात बरेच जण येणार असल्याचे फोन आलेत. जरूर या. भात आहे, पिठलं आहे, गोधड्याही आहेत. डिकीत तेवढी जागा ठेवा. भाच्याची पिशवी पडवीत खुंटीला टांगून ठेवली आहे, वर चिठ्ठीवर त्याचं नाव लिहून. त्याच्या आईला कळवलंय.