करंगळी झोपली की तुम्ही जागे व्हा!

सोमवारी सकाळी कीबोर्डवर बसलात आणि करंगळी आपली वाटतच नाही, असं होतंय? वीकेण्डला साठ-सत्तर किलोमीटर सायकल मारली असेल, तर उगाच माऊसवर संशय घेऊ नका. खरा गुन्हेगार बहुतेक सायकलच्या हँडलवर बसलाय. ती साधीशी रबरी मूठ, म्हणजे आपली ग्रिप!

मामला सगळा दाबाचा आहे, बॉस. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला संवेदना देणारी अल्नर नस तळव्याच्या बुडाशी एका अरुंद बोळातून जाते. फ्रेंच सर्जन फेलिक्स गुयों यांनी १८६१ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो ‘गुयों कॅनाल’. बारीक, गोल ग्रिपवर आपला भार नेमका याच बोळावर येतो. वर रस्त्याचे हादरे आणि मागे मोडलेलं मनगट. डॉक्टर याला ‘सायक्लिस्ट्स पाल्सी’ म्हणतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, तर दाब दुसऱ्या, मीडियन नावाच्या नसेवर आहे.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या टीममध्ये नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर! अशा शर्यतींतल्या रोड बाइकच्या वाकड्या हँडलवर हात ठेवायला तीन तरी जागा असतात. एक दुखली की दुसरी. आपल्या हायब्रिडच्या सरळ दांड्यावर मात्र जागा एकच. म्हणूनच तिथली ग्रिप नीट निवडायला हवी.

धाराशिव जिल्ह्यातलं बेंबळी हे माझं आजोळ. तिथे मामांची जुनी, काळी, दणकट सायकल आहे. पुण्याहून नेलेली माझी सायकल पाहून ते म्हणाले, “एवढं कशाला आवळायलीस गं मुठीला? पिल्लू धरल्यावानी धर की!” मामांच्या हाताला मुंग्या येत नाहीत, यात जादू काही नाही. त्यांचं हँडल उंच आणि मागे वळलेलं. पाठ ताठ, भार सीटवर, मनगट सरळ. आपण मात्र पुढे झुकतो आणि सगळं वजन दोन तळव्यांवर टाकतो.

म्हणजे मामांच्या सायकलला जे आपसूक जमलंय, ते आपल्याला ग्रिपकडून करून घ्यायचंय. फंडा सोपा आहे.

आकार आधी बघा. बाहेरच्या टोकाला पंखासारखी पसरट असलेली ग्रिप तळव्याला टेकू देते आणि भार मोठ्या भागावर पसरवते. अर्गॉन या जर्मन कंपनीच्या ग्रिप याच आकारासाठी ओळखल्या जातात.

मग जाडी. हात लहान असेल तर जाड ग्रिप नको, धरून धरून पंजाच दमतो. आणि दुकानात दाबून ‘वॉव, किती मऊ!’ म्हणू नका. फार मऊ जेल भाराखाली चपटं होतं आणि दाब पुन्हा होता तिथेच.

तिसरं, पकड. पसरट ग्रिप फिरली की संपलं. त्यामुळे अॅलन कीने आवळायची, क्लॅम्पवाली ‘लॉक-ऑन’ घ्या. सरळ हँडलच्या टोकांचा व्यास बहुतेक २२.२ मिलिमीटर असतो, पण खात्री करा. मूठ फिरवून गिअर बदलत असाल, तर त्या बाजूला आखूड ग्रिप लागेल.

बसवताना सीटवर बसा, बोटं ब्रेकवर ठेवा आणि कोपरापासून पंजापर्यंत एक सरळ रेषा येईपर्यंत पंख फिरवा. मगच स्क्रू आवळा. पहिल्या दोन-तीन राइड्सना अॅलन की खिशात असू द्या. अर्ध्या बोटाचा फरकही हाताला कळतो.

आणि पाकीट उघडण्यापूर्वी एक फुकटचा उपाय. सीटचं नाक खाली झुकलंय का बघा. तसं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरताय आणि हात ब्रेकचं काम करताहेत! टायरमध्ये दगडासारखी हवा असेल तर थोडी कमी करा, टायरवर छापलेल्या मर्यादेत. बेंबळीकडच्या खडीच्या वाटेवर याचा फरक लगेच कळतो. दर दहा मिनिटांनी हात हलवा, बोटं झटका.

एवढं करूनही बधिरपणा दिवसेंदिवस राहिला, शर्टाचं बटण लावताना किंवा किल्ली फिरवताना जोर कमी पडू लागला, तर ग्रिप बदलत बसू नका. थेट डॉक्टर गाठा. नस फार काळ दाबली गेली तर ताकद परतायला महिने लागू शकतात, आणि कधी कधी ती पूर्ण परततही नाही. सायकल काय, पुढच्या रविवारीही आहेच. हात मात्र दोनच!