कानाचे गणित

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तयारीत डिचोलीकडील एका विद्यार्थ्याने गिटारसाठी घरच्या घरी फझ पेडल तयार केले. जुळणी अचूक, सोल्डरचे सांधे चकचकीत. परंतु आवाजाचे बटण किंचित फिरविताच पेडल गरजू लागे आणि पुढे कितीही फिरविले तरी ढिम्म! बिचाऱ्याने ट्रान्झिस्टर दोनदा बदलले आणि अखेर 'हे आपले काम नव्हे' असे म्हणून पेडल पेटीत टाकून दिले. दोष ट्रान्झिस्टरचा नव्हता, मुलाचा तर नव्हताच. दुकानदाराने हाती दिलेला पॉट, म्हणजे पोटेन्शियोमीटर, चुकीच्या टेपरचा होता.

पॉट फिरविताना त्याचा रोध कोणत्या प्रमाणात बदलतो, त्याला टेपर म्हणतात. लिनियर पॉट अर्धा फिरविला की रोध निम्मा होतो. कागदावर हे न्याय्य दिसते. पण कान असा हिशेब करीत नाही. आरतीत एका घुमटाचे दोन घुमट झाले, तर ते सर्वांना जाणवते. विसांचे एकवीस झाले, तर कोणास कळणार? म्हणूनच लिनियर पॉट मध्यावर असताना आवाज पूर्ण पातळीहून अवघा ६ डेसिबल कमी असतो, आणि सारा फरक पहिल्या चतुर्थांशातच संपून जातो. लॉग पॉट मध्यावर साधारण १० ते १५ टक्केच रोध देतो. आवाज त्यामुळे १६ ते २० डेसिबल खाली राहतो आणि बटणाच्या संपूर्ण फेऱ्यात वाढत गेल्यासारखा वाटतो.

तेव्हा सगळीकडे लॉगच बसवावा काय? मुळीच नाही. दोन आवाजांचे मिश्रण करणाऱ्या बटणाला लिनियरच शोभतो. १९६६ सालच्या प्रसिद्ध 'फझ फेस' पेडलमध्ये फझच्या बटणाचा बहुतेक प्रताप फेऱ्याच्या शेवटच्या टोकाशी गोळा झालेला असे. अशा ठिकाणी उलटा लॉग उपयोगी पडतो.

पॉटवरील अक्षरावर विसंबण्याची रीत मला मान्य नाही. हल्ली बहुधा 'ए' म्हणजे लॉग व 'बी' म्हणजे लिनियर. परंतु कित्येक जुन्या युरोपीय पॉटांवर 'ए' म्हणजे लिनियर असे. एखाद्याच्या घरी जुना रेडिओ मोडीत निघाला, तर त्यातला पॉट काढताना हे ध्यानात असू द्यावे. बटण मध्यावर ठेवून मधला पाय आणि प्रत्येक कडेचा पाय यांमधील रोध मीटरने मोजावा. १०० किलोओहमच्या पॉटात दोन्हीकडे सुमारे ५० भरले तर तो लिनियर; एकीकडे १०–१५ आणि दुसरीकडे ८५–९० भरले तर लॉग. मिनिटभराचे काम!

आणि पेडणे-म्हापशाच्या दुकानांत लॉग पॉट मिळालाच नाही तर? १०० किलोओहमच्या लिनियर पॉटाचा मधला पाय व जमिनीकडील पाय यांमध्ये १५ किलोओहमचा रोधक जोडावा. मध्यावर आवाज १४ डेसिबलच्या आसपास उतरतो. मात्र पूर्ण फिरविल्यावर मागील टप्प्यावरील भार १३ किलोओहमपर्यंत येतो. तो त्या टप्प्यास पेलेल की नाही, हे आधी पाहावे. डिचोलीच्या त्या पेडलला तो पेलला. पेटीतून बाहेर येऊन ते यंदाच्या संमेलनात वाजणार आहे.