गटारातल्या मृत्यूची चौकशी कोण करणार?

२०२४ सालचा गुढीपाडवा ९ एप्रिलला होता. त्या दिवशी विरारमध्ये एका खासगी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात साफसफाई करताना चार कामगार मेले. त्याच दिवशी नगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात, वाकडी गावी, शेणाच्या स्लरीने भरलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक माणूस उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. असे सहा जण उतरले आणि पाच मेले. सहावा वाचला, कारण उतरताना त्याने कमरेला दोर बांधला होता.

आम्हाला त्या दोराबद्दल बोलायचे आहे. सहापैकी पाच का मेले आणि एक का वाचला, याचे उत्तर त्या विहिरीच्या काठावरच पडले होते. ते उचलून शेजारच्या गावात, शेजारच्या तालुक्यात, राज्यातल्या प्रत्येक नगरपालिकेत आणि प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत पोहोचवणे हे या राज्यात कोणत्या खात्याचे काम आहे? कुणी सांगू शकेल काय?

विमान पडले की काय होते ते आपण टीव्हीवर पाहतो. ब्लॅक बॉक्स शोधला जातो, विमान अपघात तपास विभाग कामाला लागतो, शेवटची काही मिनिटे सेकंदासेकंदाने मांडली जातात आणि निष्कर्ष जगभरच्या विमान कंपन्यांना कळवले जातात. रेल्वेचे उदाहरण तर याहून बोलके आहे. रेल्वे अपघाताची चौकशी करणारा रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो, तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो. ज्याच्या कारभारात माणसे मेली, त्यानेच चौकशी करायची नसते, ही साधी अक्कल इंग्रजांनाही होती. म्हणूनच १९४१ साली ही यंत्रणा रेल्वे बोर्डापासून वेगळी काढली गेली. खाणीत अपघात झाला तर खाण सुरक्षा महासंचालनालय आहे. कारखान्यात झाला तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, मग ते कितीही दुबळे आणि मालकधार्जिणे असो.

आणि गटारात माणूस मेला तर? तर पोलीस ठाण्याचा एक हवालदार येतो. अकस्मात मृत्यूची नोंद होते. फारच गाजावाजा झाला तर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा गुन्हा ठेकेदारावर लागतो, आणि ठेकेदार म्हणजे बहुतेक वेळा तोही एक मुकादम, कालपर्यंत स्वतः झाकणे उचलणारा. ज्या पालिकेने काम दिले तिचाच अधिकारी आपल्याच कामाचा अहवाल लिहितो. तो अहवाल मेलेल्याच्या बायकोला मिळत नाही, वर्तमानपत्राला मिळत नाही, आणि दहा किलोमीटरवर उद्या सकाळी झाकण उघडणाऱ्या कामगाराला तर स्वप्नातही मिळत नाही.

याला निव्वळ प्रशासकीय ढिलाई म्हणायला आम्ही तयार नाही. 'नमस्ते' योजनेखाली केंद्र सरकारने देशभरातल्या सुमारे ३८ हजार गटार आणि सेप्टिक टँक कामगारांची माहिती गोळा केली. त्यात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय मिळून ९२ टक्क्यांच्या आसपास निघाले; एकट्या अनुसूचित जातींचे प्रमाण ६८.९ टक्के. विषारी वायूला जात नसते, वाकडीने ते दाखवून दिले. पण झाकण उघडल्यावर आत कोणी उतरायचे हे जात ठरवते, आणि तो मेल्यावर कारण शोधण्याची तसदी घ्यायची की नाही हेही जातच ठरवते. ज्याचे मरण कामाचाच भाग मानले गेले, त्याच्या मरणाचे कारण कोण शोधणार?

आता कायद्याकडे या. हाताने मैला उचलणाऱ्यांच्या सेवायोजनास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी लागू झाला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी लागू झालेल्या या कायद्याचे कलम ७ गटारांच्या आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईवर बंदी घालते. पण 'धोकादायक' म्हणजे काय? मालकाने सुरक्षा साधने न देता आणि नियम न पाळता हाताने करवून घेतलेली सफाई. म्हणजे साधने दिली असे कागदावर दाखवले की धोका संपला! तरीही त्याच कायद्याच्या नियमांत एक चांगली तरतूद आहे, आणि ती कार्यकर्त्यांनी तोंडपाठ करून ठेवावी अशी आहे. मोजके अपवाद सोडले, तर माणसाला गटारात उतरवण्याआधी स्थानिक संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि माणूस उतरवणे का टाळता येत नाही याची कारणे त्यात लिहावी लागतात. हा कागद प्रत्येक मृत्यूच्या चौकशीतला पहिला कागद असायला हवा. तो असेल तर त्यावर आयुक्ताची किंवा मुख्याधिकाऱ्याची सही असेल, आणि मग प्रश्न मुकादमाच्या डोक्यावरून वर जाईल. तो नसेल तर माणूस बेकायदा उतरवला गेला हे तिथेच सिद्ध झाले. दोन्ही बाजूंनी साहेब अडकतो. म्हणूनच बहुधा तो कागद कुणी मागत नाही.

साधनांचे वास्तव तर सरकारनेच कबूल केले आहे. २०२२ आणि २०२३ मध्ये झालेल्या अशा मृत्यूंपैकी ५४ मृत्यूंचे सामाजिक लेखापरीक्षण केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने करून घेतले. त्यात ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर सुरक्षेचे कोणतेही साधन नव्हते. ४७ प्रकरणांत यंत्रसामग्री उपलब्धच करून दिलेली नव्हती. २७ प्रकरणांत कामगाराची संमतीसुद्धा घेतलेली नव्हती. हे परीक्षण झाले ही चांगली गोष्ट, आम्ही तिचे स्वागत करतो. पण मृत्यूनंतर कितीतरी महिन्यांनी, नमुन्यादाखल निवडलेल्या प्रकरणांचे परीक्षण म्हणजे प्रत्येक मृत्यूची तातडीची चौकशी नव्हे. टाकीतली हवा, झाकणाची वेळ, ठेक्याचे कागद या गोष्टी पहिल्या दोन दिवसांत हाती लागल्या नाहीत तर त्या कायमच्या जातात.

आणि हेच मंत्रालय आकड्यांशी काय खेळ करते तेही विसरता येत नाही. जुलै २०२१ मध्ये सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत सांगितले की, हाताने मैला उचलताना एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. काही दिवसांतच त्याच मंत्रालयाने संसदेत सांगितले की, गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना ९४१ जण मेले आहेत. एका व्याख्येत शून्य, दुसरीत ९४१. निळा झेंडा घेऊन संसदेत गेलेल्या माणसाच्या तोंडून हे शून्य यावे, यावर अधिक काय बोलावे? मोजणेच नाकारले तर कारण शोधायचा प्रश्नच उरत नाही.

माणसे मरतात कशी, हे आता गुपित राहिलेले नाही. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, मिथेन निघतो, आणि प्राणवायू कमी होतो. साध्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची मानतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. 'वास गेला, आता हवा बरी आहे' असे म्हणून जो खाली उतरतो तो त्याच क्षणी सर्वात मोठ्या धोक्यात असतो. झाकण उघडून तासभर ठेवले आणि वरच्या वर हवा तपासली तरी पुरत नाही, कारण गाळ ढवळला की आत अडकलेला वायू एकदम सुटतो. म्हणून वर, मध्ये आणि तळाशी अशी मोजणी हवी, आणि काम चालू असेपर्यंत ती चालूच राहायला हवी. काडी पेटवून हवा पाहण्याची जुनी पद्धत तर मिथेनमुळे स्फोटाला आमंत्रण आहे.

वाचवायला गेलेला मरतो, हेही नवे नाही. अमेरिकेच्या व्यवसाय सुरक्षा संस्थेने १९८६ सालीच इशारा दिला होता की, अशा बंदिस्त जागांतल्या मृतांत साठ टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात. त्यातून निघालेला उपाय म्हणजे वर एक माणूस कायम उभा, आत उतरणाऱ्याला पट्टा आणि दोर, तिकाटण्यावर बसवलेली चरखी, आणि वरच्याने काहीही झाले तरी आत उडी मारायची नाही. चाळीस वर्षे होत आली. आपल्याकडे अजूनही भावामागे भाऊ उडी मारतो आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तो 'दुर्दैवी' ठरतो.

यावर नेहमीचे उत्तर येते की कामगार दारू पिऊन उतरतात, दिलेले हातमोजे घालत नाहीत, चार पैशांसाठी स्वतःच तयार होतात. कमरेपर्यंत विष्ठेत उभे राहण्याआधी माणूस पितो याचे नवल ज्यांना वाटते त्यांनी एकदा झाकणाजवळ दहा मिनिटे उभे राहावे. आणि हातमोज्यांनी हायड्रोजन सल्फाइड अडत नाही. कामगाराची चूक हे उत्तर चौकशी थांबवण्यासाठीच दिले जाते. ज्या निविदेत सक्शन यंत्राचे भाडे धरलेलेच नाही, त्या दरात काम घेणारा माणूस उतरवणार हे निविदा मंजूर करणाऱ्याला माहीत नव्हते काय? ज्या गल्लीत यंत्राची गाडी शिरत नाही, तिथल्या सेप्टिक टँकला बांधकाम परवाना कोणी दिला? सोसायटीने गेल्या दहा वर्षांत टाकी किती वेळा उपसली? हे प्रश्न मेलेल्याच्या खिशातल्या बाटलीत सापडत नाहीत, ते फायलीत सापडतात.

दुसरे उत्तर जास्त सभ्य असते. व्यवस्थापनशास्त्र शिकलेले लोक म्हणतात की अपघाताची चौकशी दोषी शोधण्यासाठी नसते, पुन्हा घडू नये यासाठी असते. शिक्षेची भीती दाखवली तर लोक खरे सांगणार नाहीत. विमानांच्या बाबतीत हे खरे आहे आणि आम्हाला ते मान्यही आहे. पण तिथे दोन तपास वेगवेगळे चालतात. कारण शोधणारा वेगळा आणि गुन्हा शोधणारा वेगळा. इथे पहिला तपास अस्तित्वातच नाही आणि दुसरा मुकादमापाशी थांबतो. अशा ठिकाणी 'दोष कुणाला देऊ नका' म्हणणे म्हणजे वरच्यांना माफी आणि खालच्याला तुरुंग. आम्हाला दोन्ही हवे आहेत. कारणाची स्वतंत्र, उघड चौकशी हवी. आणि २०१३ च्या कायद्याबरोबर ॲट्रॉसिटी कायद्याचे कलमही हवे, कारण अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला हाताने मैला उचलायला लावणे हा २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट गुन्हा ठरला आहे.

चळवळीतल्या काही मित्रांचा आक्षेप वेगळा आहे. ते म्हणतात, गॅस मीटर, दोर, चरखी यांची चर्चा करणे म्हणजे माणसाने गटारात उतरणे मान्य करणे. जातीचा प्रश्न तंत्राचा करून टाकणे. या आक्षेपात तथ्य आहे. आमचे ध्येय सुरक्षितपणे गटारात उतरणारा दलित हे नाही. कोणीच उतरू नये हे आहे. पण नीट चौकशी झाली तर ती याच ध्येयाकडे नेते. 'दोर का नव्हता' याच्या मागे 'यंत्र का नव्हते' हा प्रश्न असतो, आणि त्याच्या मागे 'इथे माणूस यंत्रापेक्षा स्वस्त का' हा. मजूरमंत्री असताना बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणींच्या पाहणीला गेले, तेव्हा ते काठावरून अहवाल घेऊन परतले नाहीत, स्वतः खाली उतरून कामगार कसे काम करतात ते पाहिले. तपशिलात शिरणे म्हणजे तडजोड करणे, असे त्यांना वाटले नव्हते.

नुकसानभरपाईबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दहा लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख रुपये देण्याचे आदेश दिले. हे पैसे विधवेच्या हक्काचे आहेत आणि ते मिळेपर्यंत लढलेच पाहिजे. बेझवाडा विल्सन आणि सफाई कर्मचारी आंदोलनाच्या वर्षानुवर्षांच्या चिकाटीशिवाय पहिला आदेशसुद्धा आला नसता. पण धनादेश दिला की फाईल बंद, ही पालिकांची रीत झाली आहे. रक्कम वाढली, पण झाकण तसेच उघडते आहे. भरपाई सरकारी तिजोरीतून जाते, ज्याने परवानगीशिवाय माणूस उतरवला त्याच्या पगारातून नाही.

राज्य सरकारने पालिकांपासून वेगळी, स्वतःचे तांत्रिक तपासनीस असलेली यंत्रणा नेमावी. तीत सफाई कामगारांचे प्रतिनिधी असावेत. तिचा अहवाल तीन महिन्यांत मराठीत छापला जावा, मृताच्या कुटुंबाला मोफत मिळावा आणि राज्यातल्या प्रत्येक नगरपालिकेने त्यावर काय केले हे लेखी सांगावे. हे होईपर्यंत वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी वाट पाहण्याचे कारण नाही. अशी घटना घडली की पोलीस ठाण्यात पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पंचनाम्यात या गोष्टी लिहून घ्या: झाकण किती वाजता उघडले, हवा कोणत्या उपकरणाने तपासली आणि ते उपकरण कुठे आहे, उतरायला कोणी सांगितले, वर कोण उभे होते, दोर होता का, यंत्र किती अंतरावर होते. टाकीतली हवा आणि गाळ यांचे नमुने घ्यायला लावा. ठेक्याचा करार आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची लेखी परवानगी माहितीच्या अधिकारात त्याच आठवड्यात मागा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका.